एकदा वाजवायचं, कायमचं विकायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. विषय आपल्या कानाचा आहे आणि काही जणांच्या पोटाचाही, म्हणून जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

नाशिक रोडला हल्ली दर आठवड्याला एखादं नवं गाणं निघतं. गणपतीचं, देवीचं, भीमगीत, नाहीतर एखाद्या भाऊंच्या वाढदिवसाचं. पोरं घरातल्या खोलीत लॅपटॉप, माइक आणि कीबोर्ड मांडून गाणी करतात, आणि बरीच चांगली करतात. त्यातलं एखादं गाणं हेडफोन लावून ऐका. पहिला अंतरा सुरू व्हायच्या आधी व्हायोलिनांचा मोठा थवा उठतो. पंधरा-वीस माणसं एकाच वेळी गज ओढताहेत असं वाटतं. मग खाली नावं वाचा. गायक, गीतकार, संगीतकार, मिक्सिंग, पोस्टर, आणि 'विशेष सहकार्य' या खात्यात चार-पाच पुढारी. व्हायोलिनवाला एकही नाही.

कारण त्या गाण्यासाठी कुणी व्हायोलिन वाजवलेलंच नाही. ते सूर 'सँपल लायब्ररी'तून आलेत. पण ते आभाळातून पडलेले नाहीत. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी हॉलमध्ये बसून ते खरोखर वाजवलेत. ती माणसं कोण, त्यांना काय मिळालं आणि काय मिळायला हवं होतं, त्यावर ही पोस्ट आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सँपल लायब्ररीला माझा विरोध नाही. मी व्हायोलिन शिकवतो, कार्यक्रमांत वाजवतो, आणि माझेच विद्यार्थी या लायब्ररी वापरतात. माझा विरोध आहे तो वादकाचा सूर एकरकमी आणि कायमचा विकत घेण्याच्या पद्धतीला. जोपर्यंत तो सूर विकला जातोय, तोपर्यंत वाजवणाऱ्याला हिस्सा मिळाला पाहिजे, त्याचं नाव लागलं पाहिजे, आणि करार त्याला कळेल अशा भाषेत पाहिजे.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

सँपल लायब्ररी म्हणजे सुरांचं गोदाम. खऱ्या वादकांना बसवून एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, कापून साफ करायचा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडायचा. पट्टी दाबली की तो रेकॉर्ड केलेला सूर वाजतो. ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. व्हायोलिनच्या खालच्या 'जी'पासून वरपर्यंत साडेतीन सप्तकं धरली तर साधारण ४४ सूर होतात. प्रत्येक लांब सूर चार वेगवेगळ्या जोरांनी हवा: अगदी हळू, मध्यम, मोठा आणि पूर्ण ताकदीने. तोच कंप देऊन एकदा आणि कंपाशिवाय एकदा. झाले ३५२. मग छोटे, तोडून वाजवलेले सूर. तेही चार जोरांचे, आणि प्रत्येक किमान चार वेळा. चार वेळा का, तर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजला की कानाला लगेच कळतं, एकच फोटो भिंतीवर दहा वेळा चिकटवल्यासारखं होतं. झाले ७०४. मग एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता जाणं. एका सप्तकाच्या आत वर आणि खाली अशा सगळ्या जोड्या मोजल्या तर बरोबर ९०० होतात, त्याही फक्त एका जोराच्या.

म्हणजे नुसत्या व्हायोलिनचे, अगदी प्राथमिक म्हणावेत असे, दोन हजारांच्या आसपास तुकडे. बोटाने तार छेडून वाजवलेले सूर, थरथरता गज, घोडीजवळ वाजवलेला खरखरीत सूर हे सगळं अजून बाकीच आहे. आणि नंतर व्हिओला, चेलो, डबल बेस. त्यांचीही हीच गत.

मी स्वतः अशा एका रेकॉर्डिंगला बसलोय, काही वर्षांपूर्वी. मुंबईच्या उपनगरातला स्टुडिओ, आम्ही बारा व्हायोलिनवाले. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडायची, दिवसभर वाजवायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परत. असे तीन दिवस. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, पद्धतीचा आहे.

त्या तीन दिवसांत आम्ही गाणं म्हणावं असं काहीही वाजवलं नाही. हेडफोनमध्ये क्लिक, समोर कागदावर एकच सूर. आठ सेकंद धरायचा, मग सोडायचा, आणि सोडल्यावर खोलीतला शेवटचा गुंजारव विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. श्वाससुद्धा जपून. एसी बंद, कारण त्याची घरघर येते. पंखा नाही. मनगटावरची घड्याळं काढून ठेवलेली. खुर्ची करकरली की पुन्हा. जेवणानंतर कुणाचं पोट बोललं की पुन्हा. एकाने सूर लावताना किंचित भावना घातली, म्हणजे सवयीने थोडा फुगवला, तर काचेपलीकडून आवाज यायचा, "फ्लॅट, सर, एकदम फ्लॅट." आमच्यातले एक ज्येष्ठ वादक दुपारी चहा घेताना म्हणाले, "चाळीस वर्षं सुरात जीव घालायला शिकलो, आज काढायला शिकतोय."

हे काम गाणं वाजवण्यापेक्षा अवघड आहे. गाण्यात एखादा सूर हलला तर पुढचा सांभाळून घेतो. इथे प्रत्येक सूर एकटा उभा असतो. दोन हजार वेळा गज अगदी त्याच वेगाने, त्याच दाबाने ओढायला हात घडवावा लागतो. त्या हातामागे पंधरा-वीस वर्षांचा रियाज असतो. लायब्ररी विकत घेणारा खरं तर तो रियाज विकत घेतो. माइक, हॉल, सॉफ्टवेअर ही सगळी त्याची भांडी.

दिवसाला चार हजार रुपये मिळाले. तेव्हाच्या मानाने वाईट नव्हते. शेवटच्या दिवशी निघायच्या घाईत एक इंग्रजी कागद पुढे आला. गाडीची वेळ झालेली. त्यात लिहिलं होतं की या ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क, जगभरासाठी, कायमसाठी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी कंपनीचे. बाराही जणांनी सह्या केल्या. न करणाऱ्याला पुढचं काम कोण देणार? असा कागद घासाघीस करून बदलून घेण्याच्या स्थितीत बारा जणांपैकी एकही नव्हता, आणि समोरच्यालाही ते पक्कं माहीत होतं.

आपण नोटा छापणाऱ्या गावचे लोक आहोत. करन्सी नोट प्रेस इथे १९२८ पासून आहे, निम्म्या नाशिक रोडच्या घरात कुणी ना कुणी प्रेसमध्ये होतं किंवा आहे. प्रेसचा पहिला नियम कुणालाही विचारा. आत गेलेल्या प्रत्येक कागदाचा हिशेब. खराब झालेला कागदही मोजायचा. प्रत्येक नोटेला नंबर. आमची 'नोट' मात्र एकदा छापली की तिचा हिशेब कुणीच ठेवत नाही. ती किती प्रतींत विकली, किती गाण्यांत वाजली, कुठल्या देशात वाजली, वाजवणाऱ्याला काहीच कळायचा मार्ग नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "सर, मजुरी दिली ना? गवंड्याला घर बांधल्याची मजुरी मिळते, भाड्यात हिस्सा मिळतो का?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. गवंड्याने बांधलेलं घर पुढच्या घराचं काम हिरावून घेत नाही. दुसरं घर बांधायला पुन्हा गवंडी लागतोच. सँपल लायब्ररीचं तसं नाही. मी त्या तीन दिवसांत जे वाजवलं, ते माझ्याच पुढच्या कामाच्या जागी बसवायला वाजवलं. ज्या गाण्यासाठी उद्या मला फोन आला असता, त्या गाण्यात माझाच रेकॉर्ड केलेला सूर फुकट वाजतो. आपल्या जागी बसणारा माणूस आपणच घडवून द्यायचा असेल, तर त्याची किंमत तीन दिवसांच्या मजुरीएवढी असू शकत नाही.

ही भीती आजची नाही. १९६३ मध्ये इंग्लंडात मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं. प्रत्येक पट्टीखाली आठेक सेकंदांची टेप, तिच्यावर खऱ्या वाद्यांचे सूर. तिथल्या वादकांच्या संघटनेने तेव्हाच हरकत घेतली होती. पुढे टेप गेली, चिप आली, मग हार्ड डिस्क. २००० मध्ये हर्ब टुकमांडल नावाच्या चेलोवादकाने व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी ही कंपनी काढली आणि अख्खा ऑर्केस्ट्रा सूर-सूर करून रेकॉर्ड करायला घेतला. नंतर लंडनची स्पिटफायर ऑडिओ आली. त्यांनी चर्चचं रूपांतर करून केलेल्या एअर स्टुडिओच्या मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग केली, २०१९ मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी काढली.

आता महत्त्वाचं. ही स्पिटफायर कंपनी सांगते की आम्ही वादकांना विक्रीतून रॉयल्टी देतो. म्हणजे 'हे शक्यच नाही, हिशेब कसा ठेवायचा' हा युक्तिवाद टिकत नाही. सॉफ्टवेअरची विक्री ऑनलाइन होते, प्रत्येक प्रत मोजलेली असते. बारा जणांना हिस्सा पाठवायला एक साधी एक्सेल शीट पुरते. २०२५ मध्ये स्प्लाइस या अमेरिकन कंपनीने स्पिटफायर विकत घेतली. म्हणजे कंपन्या हात बदलतात. त्यामुळे हिस्सा मालकाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. तो करारात पक्का हवा आणि नव्या मालकावरही बंधनकारक हवा.

आपल्याकडे काय झालं?

मुंबईच्या सिनेमासंगीतात एके काळी पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक एका गाण्याला बसायचे. १९५२ च्या 'आन'साठी नौशादसाहेबांनी शंभर वादकांचा ताफा बसवल्याचं सांगतात. या ताफ्याचा कणा होते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांतून ते नोटेशन वाचायला शिकून आलेले. अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. प्यारेलालजींचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाणं त्यांच्याच नावाचं. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग केलं. त्यांच्या शेजारी बसायचे हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेले वादक, ज्यांच्या बोटांत मींड आणि गमक होती. मराठीत प्रभाकर जोग. बाबूजींच्या 'गीतरामायणा'ला साथ करणारे, ज्यांचं व्हायोलिन 'गाणारं व्हायोलिन' म्हणून घराघरात माहीत झालं. २०२१ मध्ये ते गेले.

या दोन शाळा एका खोलीत बसल्या आणि त्यातून एक आवाज तयार झाला. तो ना व्हिएन्नाचा, ना लंडनचा. वीस व्हायोलिन एकत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतात आणि तरी गायकाच्या हरकतीला धरून राहतात, हे आपल्याकडेच घडलं. जुनं कुठलंही गाणं लावा, दोन ओळींमधल्या जागेत हा आवाज ऐकू येतो.

मग सिंथेसायझर आला, कॉम्प्युटर आला, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मोठे ताफे बसेनासे झाले. मी मुंबईत जायला लागलो तेव्हा या कथेचा शेवट चालू होता. ज्येष्ठ मंडळी सांगायची की पूर्वी दिवसाला दोन-दोन सिटिंग असायच्या, आता महिन्यात दोन. मुलांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं नाही. शिकवून करायचं काय?

आणि २०१६ मध्ये 'सैराट' आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला. निकाल आपण सगळ्यांनी ऐकलाय. मला त्या दोघांचा अभिमानच वाटतो. खऱ्या वादकांचा आवाज मराठी सिनेमात परत आणायला त्यांनी खर्च केला, कष्ट केले. पण एक प्रश्न मनात राहतो. करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टीला व्हायोलिनं आणायला सातासमुद्रापार का जावं लागलं? आज आपले बरेच संगीतकार बुडापेस्ट, स्कोप्ये इथले ऑर्केस्ट्रा ऑनलाइन रेकॉर्ड करतात. कारण एकाच तालमीत मुरलेला, चाळीस जणांचा, रोज एकत्र वाजवणारा ताफा आपल्याकडे उरला नाही. मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, चेन्नईत रहमान यांच्या संस्थेतून सनशाइन ऑर्केस्ट्रा उभा राहिला. चांगली कामं आहेत. पण सिनेमाच्या सिटिंगवर पोट भरणारी ती जुनी फळी गेली ती गेलीच.

गंमत बघा. स्वस्त पडतं म्हणून माणसं काढली, आणि माणसं लागली तेव्हा परदेशातून महागात आणली.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. माझा एक विद्यार्थी, वय एकोणीस. वडील रिक्षा चालवतात. तो घरी बसून देवीची गाणी करतो. त्याला मी म्हणू का, की बाबा, बारा व्हायोलिनवाले बोलाव? त्याच्या अख्ख्या गाण्याचं बजेट पाच हजार. लायब्ररीमुळे तो स्वतःच्या डोक्यातला आवाज पहिल्यांदा ऐकू शकला. ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी ती संधी फक्त मोठ्या बॅनरच्या संगीतकाराला होती. त्याच्याकडून लॅपटॉप काढून घ्यावा असं मला क्षणभरही वाटत नाही.

पण त्याच्या लॅपटॉपमधली लायब्ररी क्रॅक आहे. त्याची एकट्याची नाही, बहुतेकांची. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेली. म्हणजे जिथे कंपनी वादकाला हिस्सा देते, तिथेही आपल्या गल्लीतून त्या वादकाला एक रुपया जात नाही. कंपन्यांनाही सांगायला हवं की आपल्याकडच्या पोरांना परवडेल अशा किमती ठेवा. पण मराठी कलाकाराच्या हक्कासाठी कमेंटमध्ये भांडणाऱ्यांनी आधी आपल्या डी ड्राइव्हमध्ये डोकावावं. दोन्हीकडून लुबाडला जातो तो एकच माणूस, गज धरलेला.

कायदा काय सांगतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांना त्यांचा वेगळा हक्क मिळाला, आणि कायद्याच्या व्याख्येत गायक, नट यांच्याबरोबर वादकही स्पष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८अ आणि ३८ब आली. व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क, आणि सादरकर्ता म्हणून आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क. कागदावर छान. पण दोन फटी बघा.

पहिली फट: सिनेमात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही, त्याला काही मोजक्या गोष्टी सोडल्या तर सादरकर्ता मानायचं नाही, अशी पुस्ती आहे. आता आमच्या ताफ्याची नावं श्रेयनामावलीत कधी लागली? संगीतकाराचं नाव, फार तर अरेंजरचं. मागच्या रांगेतले साठ जण 'ऑर्केस्ट्रा' या एका शब्दात. आधी नाव लावायचं नाही, आणि मग नाव नाही हेच कारण पुढे करायचं.

दुसरी फट: नाव सांगण्याच्या हक्कातून, वापराच्या पद्धतीमुळेच नाव देणं जमत नसेल तर सूट आहे. लायब्ररीवाला सरळ म्हणेल की एकेका सुराला नाव कसं लावू? अहो, सुराला नको, खोक्याला लावा. लायब्ररी उघडली की पहिल्या पानावर बारा नावं. त्याला किती जागा लागते?

आणि सुटा एक सूर म्हणजे 'सादरीकरण' होतं का, याबद्दल कायद्यात वेगळी तरतूद नाही. हा प्रश्न आता जास्त तातडीचा झालाय. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम आदेश दिला. उत्तम झालं. नामवंत गायकाचा आवाज त्याचा स्वतःचा आहे हे न्यायालयाने मानलं. पण त्याच गाण्याच्या मागे वाजणाऱ्या व्हायोलिनवाल्याचा आवाज कुणाचा? त्याच्याकडे ना नाव, ना वकील. आमच्या त्या कागदावर 'पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी' असं लिहिलं होतं, त्यात एआय आलंच. उद्या आमच्या दोन हजार तुकड्यांवरून मशीन शिकेल आणि आम्ही कधीच न वाजवलेलं वाजवेल. आमची सही आहेच.

आता म्हणाल, हे मुंबईचं दुखणं, नाशिक रोडला काय त्याचं? सांगतो. नाशिक ढोल. अख्ख्या देशात या नावाने ओळखला जातो. ऑक्टोपॅडच्या पॅचमध्ये 'नाशिक ढोल', लूपच्या पॅकमध्ये 'नाशिक ढोल', कीबोर्डच्या टोनमध्ये 'नाशिक ढोल'. गावाचं नाव विकलं जातंय. तो टोन नेमका कुठल्या पथकाने वाजवला, त्या पोरांना काय मिळालं, हे त्या पॅकवर कुठे लिहिलेलं तुम्ही पाहिलंय का? ढोल असो की व्हायोलिन, गोष्ट एकच.

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. गाणी निघतील, जाहिराती निघतील, माहितीपट निघतील, बराचसा पैसा सरकारी असेल. रेकॉर्डिंगवाले इथे येतील, ढोल, शंख, भजनी मंडळांचे टाळ, सगळं टिपून नेतील. चांगलंच आहे, येऊ द्या. पण कागद नीट वाचून.

म्हणून माझ्या चार मागण्या.

एक. सँपलसाठी वाजवायला बोलावलं तर करार मराठीत मागा, आदल्या दिवशी मागा, आणि त्यात विक्रीतला हिस्सा, तो किती वर्षं आणि किती दिवसांनी मिळणार हे लिहून घ्या. एआयला शिकवायला वापरायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. एकट्याने मागितलं तर काम जाईल. अख्ख्या पथकाने, अख्ख्या ताफ्याने मिळून मागितलं तर विचार करावा लागेल.

दोन. महापालिका आणि राज्य सरकार ज्या गाण्याला, माहितीपटाला पैसे देईल, तिथे प्रत्येक वादकाचं नाव श्रेयनामावलीत लावणं निविदेतच सक्तीचं करा. याला खर्च शून्य आहे. मगाशी सांगितलेली पहिली फट एवढ्यानेही बरीच बुजेल.

तीन. त्याच सरकारी कामांत काही तरी वाटा खऱ्या वादकांचा ठेवा. चाळीस जण नकोत. लायब्ररीच्या थराखाली चार खरी व्हायोलिनं आणि एक चेलो बसवला तरी गाण्यात जीव येतो, हे मिक्सिंग करणारा कुठलाही पोरगा सांगेल. चार जणांना काम मिळतं आणि त्या चौघांकडे पाहून आणखी चाळीस पोरं शिकायला येतात.

चार. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या मींड-गमकवाल्या तंतुवादनाची एक लायब्ररी आपणच करावी. जुन्या ताफ्यांत वाजवलेली माणसं अजून आहेत, पण ती सत्तरी-ऐंशीत आहेत. व्हिएन्नाच्या लायब्ररीत दोन सुरांमधली प्रत्येक जोडी सापडेल, पण यमनमधल्या तीव्र मध्यमावरून पंचमावर जाताना आपला वादक मध्ये जे करतो ते सापडणार नाही. म्हणून आपली पोरं यमनमधलं भजन करतात आणि मागची व्हायोलिनं परक्या उच्चारात बोलतात. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने पैसे घालावेत, वादकांना मानधन आणि हिस्सा द्यावा, आणि विद्यार्थ्यांना ती नाममात्र दरात मिळावी. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याला क्रॅकची गरजच पडणार नाही. एका मोठ्या उद्घाटनाच्या मांडवाला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात हे काम सुरू होईल असं माझं मत आहे.

कुणी म्हणेल, सगळा आवाज गोदामात भरून ठेवला तर पुन्हा माणसं कशाला बसतील? मलाही ती शंका आहे. पण दोन गोष्टी पक्क्या दिसतात. आपण केलं नाही तर आपला आवाज त्या माणसांबरोबर जाणार. आणि कुणीतरी बाहेरचा येऊन करून गेला, तर आवाज राहील पण कागद त्याचा असेल. त्यापेक्षा आपण आपल्या अटींवर केलेलं बरं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता दुर्गा उद्यानात आम्ही काही वादक, दोन ढोल पथकांची पोरं आणि एक वकील मित्र जमतोय. मराठीतला साधा, एक पानी नमुना करार तयार करायचाय, जो कुणीही वादक मोबाइलमध्ये ठेवू शकेल आणि कागद पुढे आला की दाखवू शकेल. ज्यांना यायचंय त्यांनी या, वाद्य आणलं तरी चालेल. आणि तुमच्यापैकी कुणी अशा रेकॉर्डिंगला बसलं असेल, व्हायोलिन असो, बासरी असो की ढोल, तर काय कागद होता आणि किती मिळाले ते कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायचं नसेल तर मेसेज करा. दहा जणांचे अनुभव एकत्र आले तर आमदार-नगरसेवकांकडे घेऊन जायला हातात काहीतरी असेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडायला रविवारी या, चहा माझ्याकडून.